दारूचे उपचार लागू पडायला काय काय लागतं

दारू अंगातून उतरवणं हे पाच-सात दिवसांचं काम, आणि दारूवाचून जगायला शिकणं हे वर्षभराचं. उपचार फसतात ते बहुतेक वेळा या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे. पेशंट केंद्रात महिनाभर राहतो, वजन वाढतं, चेहऱ्यावर तेज येतं, घरच्यांना हायसं वाटतं आणि कागदावर ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडतो. खरं तर तेव्हा उपचारांचा पहिला आणि त्यातल्या त्यात सोपा भाग संपलेला असतो. आत दारू मिळतच नव्हती, त्यामुळे तिथे न पिणं ही परीक्षा नव्हतीच.

30 दिवस हा आकडाही सोयीचा आहे. खाटा, खर्च आणि रजा यांच्या हिशोबात तो बसतो, मेंदूला त्याचं काही देणंघेणं नाही. उपचार निवासी असोत की येऊन-जाऊन घेतलेले, 90 दिवसांपेक्षा कमी काळ चालले तर परिणाम मर्यादित राहतो, असं अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज या संस्थेने आपल्या उपचारतत्त्वांत म्हटलं आहे. म्हणून दाखल होण्याच्या आधीच विचारायचा प्रश्न असा: महिना संपल्यावर पुढचे अकरा महिने काय?

आधी नीट मोजा

‘थोडी घेतो’ किंवा ‘रोज घेतो’ यावरून उपचार ठरत नाहीत. किती मिलिलिटर आणि किती टक्के, हे विचारा. हिशोब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले 100, गुणिले 0.79. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. 40 टक्क्यांची 750 मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे 237 ग्रॅम, 5 टक्क्यांची 500 मिलिलिटर बिअर म्हणजे साधारण 20 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत 10 ग्रॅमला एक माप धरतात. म्हणजे ती बाटली जवळजवळ 24 मापांची, बिअर दोन मापांची. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याचा दिवसाचा आकडा काढला की पुष्कळदा त्यालाच धक्का बसतो.

ही प्रश्नावली म्हणजे ऑडिट. तिच्यात 10 प्रश्न आणि 40 गुण असतात. 8 किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर आलं. 20 किंवा जास्त म्हणजे शरीर-मन दारूवर अवलंबून असल्याची दाट शंका, आणि इथे तज्ज्ञाकडूनच तपासणी हवी. प्रश्नावली पेशंटला एकट्याला भरू द्या. बायको किंवा वडील शेजारी बसले की आकडे आपोआप निम्मे होतात. घरच्यांचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यावं.

निदानासाठी डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, 11 लक्षणं दिली आहेत. त्यातली 2 ते 3 असतील तर आजार सौम्य, 4 ते 5 असतील तर मध्यम, 6 किंवा अधिक असतील तर तीव्र. हा फरक कामाचा आहे. सौम्य आजाराच्या माणसाला काही आठवड्यांचं समुपदेशन पुरू शकतं. त्याला नोकरी सोडायला लावून महिनाभर ठेवण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. उलट तीव्र आजारात चार सत्रं आणि एक शपथ यांनी काहीही होत नाही.

याच वेळी आणखी काही गोष्टी नोंदवून घ्यायच्या. मागे दारू बंद केली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या चालू आहेत का? जीव द्यावासा वाटतो का? रक्तात यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि हिमोग्राम. या चाचण्या उपचाराची वही भरण्यासाठी नसतात. पुढे कोणती गोळी देता येईल हे त्यांच्यावरच ठरतं.

उदासीनतेबद्दल एक सावधगिरी. भरपूर पिणाऱ्या माणसात दिसणारं नैराश्य पुष्कळदा दारूचंच असतं आणि न पिता तीन-चार आठवडे गेले की बरंच ओसरतं. त्यानंतरही टिकलं तर तो स्वतंत्र आजार समजून त्यावर वेगळे उपचार हवेत. ‘दारू सुटली की सगळं ठीक होईल’ म्हणत ते लांबवलं की माणूस नैराश्यावरचा जुना उपाय पुन्हा हातात घेतो, तो म्हणजे दारू. आत्महत्येचे विचार असतील तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

पहिला आठवडा: इथे जीव जाऊ शकतो

दारू मेंदूला संथ करते. रोज ब्रेक दाबलेला असल्यामुळे मेंदू भरपाई म्हणून ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. दारू एकदम थांबली की ब्रेक सुटतो, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच राहतो. यालाच विथड्रॉवल म्हणतात, आणि ‘मनाने कच्चा आहे म्हणून थरथरतोय’ या समजुतीला त्यात काहीही आधार नाही.

शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण 6 ते 48 तासांत असतो. डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दिवस-वार-माणसं न ओळखणं, नसलेलं दिसणं, ताप आणि भयंकर अस्वस्थता, हे बहुधा 48 ते 96 तासांच्या दरम्यान उद्भवतं. म्हणून ‘दोन दिवस काढले, आता सुटला’ हे म्हणणं फसवं आहे. तिसरा-चौथा दिवस जास्त लक्ष ठेवण्याचा असतो.

पूर्वी फिट किंवा डेलिरियम झालेला, हृदयाचा किंवा यकृताचा मोठा आजार असलेला, गरोदर, वयस्क, झोपेच्या गोळ्यांचीही सवय असलेला, किंवा घरात सोबतीला जबाबदार माणूस नसलेला, अशा कोणीही घरी दारू बंद करू नये. हॉस्पिटल हवं. निवासी केंद्र निवडणार असाल तर रात्री तिथे डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स असते का, हे आधी पाहा. बाकीच्यांना रोजच्या तपासणीवर घरी डिटॉक्स, म्हणजे दारू अंगातून उतरवणं, करता येतो.

विथड्रॉवलची तीव्रता मोजायला सीवा-एआर ही मोजपट्टी वापरतात: 10 बाबी, कमाल 67 गुण. 10 च्या खाली सौम्य, 19 किंवा त्याहून वर तीव्र. ती एकदा भरून फाइलला लावायची नसते. सुरुवातीला दर काही तासांनी मोजून त्याप्रमाणे औषध कमी-जास्त करायचं असतं. औषध म्हणजे बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, या मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या. यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. डोस रोज उतरवत पाच-सात दिवसांत बंद. इथे दोन चुका सर्रास होतात. एक, पेशंटच्या हातात पूर्ण पाकीट देऊन पाठवणं. तो त्यावर दारूही पितो आणि दोन्ही मिळून श्वास मंदावतो. दुसरी, ‘झोप लागते’ म्हणून त्याच गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवणं. एक व्यसन जाऊन दुसरं बसतं.

थायामिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, ही या आठवड्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. सतत पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून धोका असलेल्या पेशंटला सुरुवातीला इंजेक्शनने देतात. ग्लुकोजचं सलाइन लावायचं असेल तर थायामिन त्याच्या आधी किंवा निदान सोबत गेलं पाहिजे. कारण ग्लुकोज वापरायला शरीर उरलंसुरलं थायामिन संपवतं आणि वर्निके हा मेंदूचा आजार उफाळू शकतो: गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं. तिन्ही लक्षणं एकत्र दिसण्याची वाट पाहू नये, ती बहुतेकांत एकत्र दिसतच नाहीत. उशीर झाला तर स्मृती कायमची जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगितलीच जात नाही. दर वेळी एकदम बंद, पुन्हा सुरू, पुन्हा एकदम बंद असं झालं की पुढचं विथड्रॉवल आधीपेक्षा वाईट होत जातं. मागच्या वेळी घरी निभावलं म्हणून याही वेळी निभावेल, असा हिशोब करू नका.

गोळ्या: अर्धवट माहितीने वापरल्या जाणाऱ्या

डिटॉक्स झाल्यावर पेशंटला तलफ कमी करणारी किंवा पिण्यापासून अडवणारी गोळी मिळाली पाहिजे. मध्यम आणि तीव्र आजारात औषधाविना नुसतं समुपदेशन म्हणजे एका पायावर चालणं. तरीही पुष्कळ ठिकाणी ‘गोळ्यांची सवय लागेल’ म्हणून त्या टाळतात. खाली दिलेल्या तिन्हींपैकी एकीचीही सवय लागत नाही.

नालट्रेक्सोन: दिवसाला 50 मिलिग्रॅम. दारूतून मिळणारी मजा ती बोथट करते, त्यामुळे पहिल्या पेल्यानंतरचा दुसरा-तिसरा टळतो. पिणं पूर्ण थांबलेलं नसतानाही सुरू करता येते. अफूवर्गातली वेदनाशामकं घेणाऱ्याला ती देता येत नाही. ती औषधं 7 ते 10 दिवस बंद असावी लागतात, नाहीतर त्यांचं विथड्रॉवल एका तासात उसळतं. तीव्र यकृतदाहातही नको. पहिले काही दिवस मळमळ होते, त्यामुळे जेवणानंतर घ्यावी आणि हवं तर 25 मिलिग्रॅमने सुरुवात करावी. महिन्यातून एकदा 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शनही असतं. रोज गोळी चुकवणाऱ्यासाठी ते बरं.

अकॅम्प्रोसेट: 333 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. दारू थांबलेली असताना ती थांबलेलीच राहावी यासाठी. यकृतावर ताण नाही, कारण ती मूत्रपिंडातून बाहेर पडते. म्हणूनच मूत्रपिंड फार बिघडलेलं असेल तर द्यायची नाही आणि मध्यम बिघाडात डोस कमी करायचा. तिची खरी अडचण दिवसाला सहा गोळ्या ही. दुपारचा डोस हमखास राहतो. फोनचा गजर लावा किंवा खिशात छोटी डबी ठेवा.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. अभ्यासांचा एकत्रित हिशोब असा निघतो की अकॅम्प्रोसेट साधारण 12 जणांना दिली तर एकाचं पुन्हा पिणं तिच्यामुळे टळतं. नालट्रेक्सोनने भरमसाट पिण्याकडे परतणं टळण्याचा आकडाही जवळपास तेवढाच. हे कमी वाटेल, पण इतर दीर्घ आजारांतल्या कितीतरी रोजच्या औषधांचा फायदाही यापेक्षा मोठा नाही. एकीने तीन महिन्यांत फरक पडला नाही तर दुसरीकडे वळायचं. ‘औषध घेऊन पाहिलं, उपयोग नाही’ हा निष्कर्ष एका गोळीवरून काढायचा नाही.

डायसल्फिरामची गोष्ट वेगळी. सहसा दिवसाला 250 मिलिग्रॅम. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या, डोकेदुखी सुरू होते, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीवही जातो. शेवटचा पेला आणि पहिली गोळी यांत किमान 12 तास हवेत, पुष्कळ डॉक्टर 24 तास थांबतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. खोकल्याचं अल्कोहोलयुक्त औषध, माउथवॉश, आफ्टरशेव्ह हेही टाळायचं. हृदयविकार असलेल्याला आणि काही मानसिक आजारांत ती देत नाहीत, आणि यकृताच्या चाचण्या अधूनमधून कराव्या लागतात. ही गोळी लागू पडते ती कोणाच्या तरी देखत, ठरलेल्या वेळी, पेशंटच्या संमतीने घेतली तरच. अन्नातून चोरून ती कधीही देऊ नका. माणसाला ठाऊकच नसेल तर तो पिणार, आणि मग जे होईल ते घरच्यांच्या हातून झालेलं असेल. शिवाय हे उघड झालं की पुढच्या कुठल्याही उपचारावरचा त्याचा विश्वास संपतो.

औषध किती दिवस? किमान सहा महिने, बहुतेकांना वर्षभर. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून आठव्या आठवड्यात थांबवणं ही नेहमीची चूक.

समुपदेशनात काय पाहायचं

पद्धतीच्या नावावर फार अडू नका. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅच या मोठ्या अभ्यासात 1,726 पेशंटांवर तीन वेगवेगळ्या पद्धती तपासल्या होत्या. निकाल 1997 मध्ये आले आणि तिघींचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. फरक पडतो तो समुपदेशकामुळे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासात समुपदेशक जितका जास्त वाद घालणारा आणि आरोप करणारा, तितकं पेशंटचं वर्षभरानंतरचं पिणं जास्त, असं दिसलं. तेव्हा सगळ्यांसमोर उभं करून लाज काढणं, डोकं भादरणं, शिक्षा म्हणून कामं लावणं हे जिथे ‘थेरपी’ म्हणून चालतं तिथून सरळ परत फिरा.

चांगल्या सत्रात पेशंट जास्त बोलतो आणि समुपदेशक कमी. प्रत्येक वेळी मागच्या आठवड्यात तलफ कधी, कुठे, कोणासोबत आली याचा ठोस हिशोब होतो, आणि पुढच्या आठवड्यासाठी एखादी गोष्ट करून पाहायला दिली जाते. केवळ व्याख्यानं, ध्यान आणि दारूचे दुष्परिणाम दाखवणारे व्हिडिओ एवढ्यावर कार्यक्रम संपत असेल तर तो अपुरा आहे. दुष्परिणाम पेशंटला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतात.

1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या मदतगटाच्या सभांबद्दल डॉक्टर मंडळी कधी नाक मुरडतात. पण 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, पेशंटला या सभांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार अखंड न पिण्याच्या बाबतीत इतर समुपदेशनाच्या बरोबरीने किंवा थोडे सरसच ठरले. ‘जमलं तर जा’ म्हणून पत्ता देऊन ते जमत नाही. पहिल्या सभेला कोणीतरी सोबत जावं लागतं. एक सभा पटली नाही तर दुसरी पाहावी. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो.

तलफेबद्दल पेशंटला एक गोष्ट अनुभवातून पटवून द्यावी लागते: ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. प्यायलं नाही तर ती वाढतच जाईल, ही भीती खोटी आहे. त्या अर्ध्या तासात काय करायचं हे आधी ठरलेलं हवं: जागा सोडायची, काहीतरी खायचं, ठरलेल्या माणसाला फोन करायचा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा विशेष धोक्याच्या. नकाराचं वाक्यही पाठ हवं, आणि ते छोटं हवं: ‘नको, मी घेत नाही.’ कारण सांगितलं की समोरचा त्या कारणावर तोडगा काढतो.

केंद्र निवडताना

इमारत, बाग आणि ‘शंभर टक्के यश’ ही पाटी यांवरून काही कळत नाही. शंभर टक्क्यांचा दावा करणाऱ्याने बाहेर पडलेल्यांना पुन्हा कधी विचारलेलंच नसतं, एवढंच त्यातून समजतं. फोनवर हे विचारा: मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा पेशंटला स्वतः पाहतात? फिट आली तर काय करता, कोणत्या हॉस्पिटलला नेता? नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट देता का? दर आठवड्याला एकट्याचं सत्र किती? घरच्यांशी बोलता येतं का? बाहेर पडल्यावर पहिल्या तीन महिन्यांत किती वेळा भेटता? शेवटच्या प्रश्नावर ‘गरज वाटली तर या’ असं उत्तर आलं तर दुसरं ठिकाण पाहा.

घरच्यांचं काम

माणूस उपचाराला तयारच नसेल तेव्हा काय, हा घरच्यांचा पहिला प्रश्न. रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेल्या क्राफ्ट या पद्धतीत उपचार घरच्यांपासून सुरू होतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत क्राफ्ट शिकलेल्या कुटुंबांपैकी 64 टक्क्यांच्या माणसाने उपचार सुरू केले. सगळ्यांनी मिळून अचानक समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होतं.

क्राफ्टचा गाभा असा. तो न प्यायलेला असेल तेव्हा सोबत बसा, त्याच्या आवडीचं काही करा. प्यायलेला असेल तेव्हा भांडू नका, पण सोबतही देऊ नका. दुसऱ्या खोलीत जा. त्याच्या पिण्याचे परिणाम तुम्ही निस्तरू नका. ऑफिसला ‘ताप आहे’ असा फोन करणं, उधारी फेडणं, ओकारी पुसणं हे थांबवा. उपचारांचा विषय काढायचा तो सकाळी, तो शुद्धीत आणि खजील असताना. आणि त्याआधीच डॉक्टरची वेळ मिळू शकेल अशी सोय करून ठेवा, कारण ‘चल, येतो’ ही तयारी काही तासच टिकते. घरात मारहाण होत असेल तर मात्र हे सगळं बाजूला. आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता.

बाहेर पडल्यानंतर

पहिली भेट सात दिवसांच्या आत, आणि तिची तारीख डिस्चार्जच्या कागदावरच लिहिलेली हवी. पहिले तीन महिने दर आठवड्याला, नंतर सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याने, पुढे महिन्याने, अशी साधारण चाल ठेवावी. झोप महिनोन्‌महिने तुटक राहू शकते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट ‘उपचार बिघडले’ असं समजतो आणि झोपेसाठी एक पेला घेतो.

तपासणी ठरवून करावी, पकडण्यासाठी नाही. लघवीतली ईटीजी चाचणी दोन-तीन दिवसांपर्यंतचं पिणं दाखवते, पण अल्कोहोलच्या सॅनिटायझरनेही कधी कधी फसते. रक्तातली पीईटीएच दोन ते चार आठवड्यांचा अंदाज देते. रक्तचाचणीतला जीजीटी हा यकृताचा आकडा न पिता काही आठवड्यांत खाली येतो. तो आकडा उतरताना पाहणं हे पेशंटला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बळ देतं.

आणि घसरण झालीच तर? एक पेला आणि जुन्या पातळीवर परतणं यांच्या मधल्या जागेत उपचारांची कसोटी असते. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवलेला धोका हा: ‘आता सगळं वायाच गेलं’ असं वाटलं की माणूस उरलेली बाटलीही संपवतो. म्हणून बरं वाटत असतानाच एका कागदावर लिहून पाकिटात ठेवायचं: राहिलेली दारू ओतून द्यायची, ती जागा सोडायची, अमुक दोन माणसांपैकी एकाला फोन, 24 तासांत समुपदेशकाची भेट, गोळ्या चालूच ठेवायच्या. यात डायसल्फिरामचा मात्र अपवाद: ती चालू असताना दारू पोटात गेली असेल तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल. पिणं एका दिवसात थांबलं तर नवीन डिटॉक्सची सहसा गरज नसते. सलग बरेच दिवस भरपूर पिणं झालं असेल, तर पुन्हा घरी एकदम बंद करायचं नाही; पहिल्या आठवड्याचे सगळे नियम नव्याने लागू होतात, आणि या वेळी फिटचा धोका मागच्यापेक्षा जास्त धरून चालायचा.